दहा मिनिटांची भाजी, एप्रिलमध्ये शिजलेली

पत्र्याच्या डब्यातली एक कुरडई काढा, तिचे हातानेच दोन-चार तुकडे करा आणि त्यांवर गरम पाणी ओता. तार आधी खडूसारखी पांढरी असते, कट्कन मोडते. हळूहळू तिच्या कडा काचेसारख्या दिसू लागतात, मग ती वाकते, आणि दहा मिनिटांत बोटाभोवती गुंडाळता येते. एवढ्या गरम पाण्यात राहूनही लगदा मात्र होत नाही. हे मी कितीदा पाहिलं असेल, तरी भांड्यापाशी थांबतेच.

नाशिककडे, तसंच नगर-खानदेशात, घरात भाजी नसली की कुरडईची भाजी होते. आपण त्यांना नूडल्स म्हणत नाही, पण आहेत त्या नूडल्सच; दूध, तूप, अंडं काही नसलेल्या. आणि त्या झटपट होतात, कारण त्यांचा खरा स्वयंपाक उन्हाळ्यातच उरकलेला असतो.

वाळवणाच्या दिवसांत गहू तीन दिवस भिजतात. पाणी रोज बदलायचं. आंबूस वास सुटतो, दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. मग गहू वाटून, पिळून चोथा बाजूला. गाळलेलं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरची निवळ ओतून टाकली की तळाशी उरतो घट्ट चीक, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. मीठ-हिंग घातलेल्या आधणात तो ओतून घाटायचा. साधारण ६० अंशांना स्टार्चचे सूक्ष्म कण पाणी पिऊन टम्म फुगू लागतात आणि पुढे त्यांतून अमायलोज नावाचे लांब, सरळ धागे बाहेर पडतात. दुधासारखा चीक चकाकू लागला की आजी म्हणते, ‘झाला.’ थर्मामीटरशिवाय तिने हे नेमकं ओळखलेलं असतं.

आणि मग, सोऱ्यातून पडलेली तार गच्चीवर निवत-वाळत असताना, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट घडते. सुटे झालेले अमायलोजचे धागे एकमेकांना चिकटून रांगेत बसतात. ही वीण इतकी घट्ट असते की उकळतं पाणीही ती सहजी उसवू शकत नाही. कच्च्या चिकावर उकळतं पाणी ओतलं तर खळ होते. कुरडईवर ओतलं तर ती फक्त पाणी पिऊन मऊ होते, आकार सोडत नाही. मुगाच्या स्टार्चच्या चिनी काचेसारख्या शेवयाही याच गुणावर टिकतात. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या, तेव्हा त्यांनी नूडल्स आधी वाफवून मग तेलात तळून वाळवल्या. आपल्याकडे तळणीचं काम चैत्र-वैशाखाचं ऊन करतं, फुकट.

भाजीला आता काय लागतं? तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. दोन कांदे उभे चिरून. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याची काटकसर करू नये. लांब चिरलेला कोबी, सिमला मिरची, गाजर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचं, करकरीत राहू द्यायचं. हळद, चमचाभर काळा मसाला, निथळलेली कुरडई, वर कोथिंबीर आणि लिंबू. मीठ मात्र शेवटी, चव घेऊन, कारण ते चिकातच पडलेलं असतं. कुरडईत प्रथिनं फारशी नसतात, बरीचशी चोथ्याबरोबर गेलेली असतात. म्हणून मी मूठभर भाजलेले शेंगदाणे घालतेच.

एकच सांगणं: पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि मगच कुरडईवर ओता. बोटाने दाबून पाहा. तार मऊ लागली, पण मधे किंचित दम असला, की लगेच चाळणीत उपसा. उरलेलं तिला कढईत मिळतं.