भाषा प्रतिमानांद्वारे ब्राउझर टॅबांचे संघटन

भाषा प्रतिमानांद्वारे ब्राउझर टॅबांचे संघटन म्हणजे ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडलेल्या टॅबांचे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने विषयवार गट पाडणे, त्या गटांना नावे देणे आणि त्यांतील मजकुराचा सारांश तयार करणे होय. अनेक स्रोत एकत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना व अभ्यासकांना ही सुविधा उपयोगी पडते. मात्र तिने दिलेला सारांश मूळ पानांशी ताडून पाहणे आवश्यक असते.

## विकास

जानेवारी २०२४ मध्ये गूगल क्रोममध्ये टॅबांचे गट सुचवणारी सुविधा प्रायोगिक स्वरूपात अमेरिकेत उपलब्ध झाली. २०२५ मध्ये मोझिला फायरफॉक्सने अशीच सुविधा आणली. तिचे प्रतिमान वापरकर्त्याच्या संगणकावरच चालते.

## कार्यपद्धती

गट पाडण्यासाठी सामान्यतः टॅबांची शीर्षके व पत्ते वापरले जातात. प्रत्येक शीर्षकाचे संख्यांच्या मालिकेत रूपांतर होते आणि ज्यांच्या मालिका परस्परांच्या जवळ असतात, ते टॅब एका गटात येतात. सारांशासाठी मात्र पानांचा संपूर्ण मजकूर प्रतिमानाला पुरवावा लागतो. प्रतिमान एका वेळी मर्यादितच मजकूर हाताळू शकते. देवनागरी मजकुराचे बहुधा इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पडत असल्यामुळे मराठी पानांसाठी ही मर्यादा लवकर गाठली जाते.

## खानदेशविषयक उदाहरण

विषयसाम्य असलेली पाने तुलनायोग्य असतातच असे नाही, हे खानदेशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले; पुढे त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

१९९१ च्या जनगणनेत अविभाजित धुळे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती. २०११ मध्ये ती २०,५०,८६२ नोंदली गेली. दोन्ही जनगणनांची पाने एका गटात आल्यास ‘जिल्ह्याची लोकसंख्या घटली’ असा सारांश तयार होऊ शकतो. प्रत्यक्षात २०११ मधील नंदुरबारची १६,४८,२९५ ही लोकसंख्या मिळवल्यास जुन्या धुळे जिल्ह्याच्या क्षेत्राची बेरीज ३६,९९,१५७ होते. म्हणजेच लोकसंख्या वाढली होती.

नामसाधर्म्यामुळेही गल्लत संभवते. जळगाव शहर आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद ही भिन्न ठिकाणे आहेत. याउलट, १९९० मध्ये स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि आजचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ही एकच संस्था होय. अहिराणीतील पाने देवनागरीतच असल्याने त्यांची भाषा मराठी म्हणून ओळखली जाण्याची शक्यता असते.

## मर्यादा व दक्षता

भाषा प्रतिमाने कधीकधी मूळ पानात नसलेले विधानही खात्रीशीर भाषेत मांडतात. संकेतस्थळावर दडवलेल्या सूचना प्रतिमानाने आज्ञा म्हणून स्वीकारण्याचा धोकाही असतो. प्रतिमान दूरस्थ सर्व्हरवर चालत असल्यास टॅबांमधील माहिती तेथे पाठवली जाते. त्यामुळे बँक, आरोग्य किंवा खासगी पत्रव्यवहाराची पाने यातून वगळणे इष्ट ठरते. सारांशातील प्रत्येक आकडा कोणत्या पानावरून, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या प्रशासकीय सीमेचा आहे हे तपासल्यास वरील प्रकारच्या चुका टाळता येतात.