पांढरा म्हणजे नेमका कुठला पांढरा?
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज मी गाडीच्या रंगाबद्दल बोलणार आहे. हसू नका. या रंगापायी आमच्या गटाची एक बैठक दोन तास चालली होती, आणि त्या दोन तासांत मला खाली मान घालून बसावं लागलं होतं.

आमच्या गटाची एक व्हॅन आहे, पांढरी. मसाले, पापड, शेवया घेऊन आम्ही आठवडी बाजार करतो. गाडी मी चालवते. एका बाजारी गाडी मागे घेताना सरकतं दार खांबाला घासलं. पत्रा आत गेला, रंग निघाला. चूक माझीच. तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये गाडी लावली. पेंटरदादांनी विचारलं, "रंग कुठला?" मी म्हटलं, "पांढरा." त्यांनी पांढरा मारला. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात दार छान दिसलं, पैसे दिले, गाडी आणली. सकाळी उन्हात बघितलं तर सगळी गाडी दुधासारखी आणि दार निळीत बुडवून काढलेलं! चौकात बसणारे म्हणायला मोकळे, की बाईच्या हाती गाडी दिली की ठिगळं लागायचीच. त्यांचं सोडा. पण पैसे गटाचे होते, आणि काम पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा पैसे.

आता सांगा, साडीवर ब्लाऊजपीस घ्यायला आपण मॅचिंग सेंटरमध्ये जातो तेव्हा "लाल द्या" म्हणतो का? साडीचा पदर काउंटरवर पसरतो. दुकानदार लालच्या दहा छटा काढतो, मग एक जुळते. गाडीचंही तसंच असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकाच कंपनीचे दोन-तीन पांढरे असतात. सुझुकीचंच घ्या. 'सुपीरियर व्हाइट' नावाचा साधा पांढरा आहे, त्याचा कोड २६यू. 'पर्ल आर्क्टिक व्हाइट' आहे, त्याचा झेडएचजे. त्यात मोत्यासारखी चमक असते. चंदेरीतल्या 'सिल्की सिल्व्हर'चा कोड झेड२एस. रंगाच्या दुकानात असा कोड सांगितला की तिथला माणूस कोष्टक काढतो आणि कुठला मूळ रंग किती ग्रॅम घालायचा ते बघून काट्यावर मोजून रंग तयार करतो. तिथे अंदाज चालत नाही.

हा कोड मिळवायचा कुठून? पहिली जागा गाडीच. बहुतेक गाड्यांवर कंपनीची एक छोटी पाटी किंवा स्टिकर असतं. बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर, नाहीतर पुढचं दार उघडल्यावर खांबावर. गाडीगाडीत जागा वेगळी, म्हणून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक चाळा. पाटीवर 'कलर' किंवा 'पेंट' या शब्दाजवळ दोन-चार अक्षरं-आकडे असतात, तोच कोड. धूळ, ग्रीस असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. चाकूनं खरवडू नका, आहे तेही जाईल.

आमच्या गाडीवरच्या पाटीची अक्षरं झिजून गेली होती. अशा वेळी कामाला येतो चेसिस नंबर. हा नंबर गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, आरसी बुकात असतो, विम्याच्या कागदावरही असतो. एजंट कागद लावून पेन्सिल घासून ज्याचा छाप घेतात ना, तोच. हल्लीच्या गाड्यांचा तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो, फार जुन्या गाडीचा त्याहून लहानही असतो. १७ च्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे ओ की शून्य असा प्रश्न पडला तर डोळे झाकून शून्य लिहा. पहिली तीन अक्षरं गाडी कुणी बनवली ते सांगतात. एमए३ असेल तर मारुती, एमए१ महिंद्रा, एमएटी टाटा. पुढच्या अक्षरांत मॉडेल, इंजिन, कारखाना अशी माहिती असते आणि शेवटी त्या एका गाडीचा अनुक्रमांक.

आणि रंग? रंग त्या नंबरात नसतो! इथेच पुष्कळ जण फसतात. मीही वहीत नंबर उतरवून एकेक अक्षर लावत बसले होते, यातलं पांढरं कुठलं म्हणून. आपल्या जमिनीचा गट नंबर आठवा. नुसत्या गट नंबरावरून शेतात ज्वारी आहे की ऊस, क्षेत्र किती, काही कळत नाही. पण तो नंबर तलाठ्याला सांगितला की सातबारा निघतो आणि त्यावर सगळं लिहिलेलं असतं. चेसिस नंबर तसाच. हा नंबर असलेली गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात बाहेर पडली याची नोंद कंपनीकडे असते. त्या कंपनीच्या अधिकृत शोरूममध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये सुट्या भागांच्या काउंटरवर जा, आरसी दाखवा आणि "या नंबरच्या गाडीचा रंगाचा कोड लिहून द्या" असं सांगा. आमचं काम तिथे पाच मिनिटांत झालं. तोंडी ऐकून येऊ नका. कागदावर घ्या, कोड आणि रंगाचं नाव दोन्ही.

आरसीवर रंग लिहिलेला असतो की, असं कुणी म्हणेल. असतो, पण बहुतेक वेळा नुसता 'व्हाइट'. त्यावर रंग तयार होत नाही. त्या नोंदीचा उपयोग वेगळा: अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. एक दार पूर्वीच्याच रंगात रंगवायला त्याची गरज नाही. आणि हो, आरसीचा फोटो कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "कुणीतरी रंग सांगा" असं विचारू नका. त्यावर मालकाचं नाव-पत्ता असतो.

जुनी गाडी घेतलेल्या गटांनी एक जपावं. आधीच्या मालकानं गाडी पुन्हा रंगवलेली असेल तर कंपनीची नोंद मूळ रंगाची निघेल, आजच्या रंगाची नाही. बॉनेटच्या आत, दारांच्या आतल्या कडांना, पायपुसण्याखालच्या पत्र्यावर बघा. बाहेर एक छटा आणि आत दुसरी दिसली तर गाडी रंगवलेली आहे. मग डिझेल-पेट्रोलच्या टाकीवरचं छोटं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्यावं, पदर नेतो तसं, आणि त्यावरून छटा जुळवून घ्यावी.

कोड मिळाला म्हणजे जिंकलं असं मात्र नाही. सात-आठ वर्षं उन्हात उभी असलेली गाडी विटते. घडीत ठेवलेली साडी आणि रोज दोरीवर वाळणारी साडी एकाच ठाणातली असली तरी सारखी दिसते का? म्हणून चांगला पेंटर आधी जुना रंग कंपाउंडनं घासून स्वच्छ करतो, मग पत्र्याच्या तुकड्यावर किंवा कार्डावर नवा रंग मारतो, वर लॅकर मारतो, पूर्ण वाळू देतो आणि दाराला लावून बघतो. हे बघणं दिवसा, उघड्यावर. ट्यूबलाइटखाली नाही, मी भोगलंय. चमकीच्या रंगात तर फवारा जवळून मारला की लांबून, यानंही छटा बदलते. तिथे शेजारच्या पत्र्यावर रंग थोडा विरत नेतात, म्हणजे सांधा दिसत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याचा प्रायमर वेगळा. आणि पत्र्याला गंज धरला असेल तर तो पूर्ण काढून, प्रायमर मारून, मगच लांबी भरायला सांगा. गंजावर लांबी भरली तर पावसाळ्यात ती फुगून येते.

दुसऱ्यांदा आम्ही दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. मी आणि सचिव ताई दोघी. नमुना उन्हात बघितला, थोडा निळसर वाटला, तर दादांनी कुरकुर न करता तो पुन्हा जुळवला. पावतीवर रंगाचा कोड लिहून घेतला. पहिल्या वेळचे पैसे गेले ते गेलेच. त्यातले अर्धे मी माझ्या हिश्श्यातून भरते म्हटलं होतं, पण काकूंनी बैठकीत सांगितलं, "गाडी गटाची, धक्काही गटाचा." मला त्या दिवशी रडू आलं, खरं सांगते.

आता आमच्या गाडीच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, विम्याची तारीख आणि त्याखाली लाल पेनानं रंगाचा कोड लिहिलेला आहे. रंगाची एक छोटी बाटलीही करून आणलीय, खरचटलं की लगेच टिपका द्यायला. परवा ती एका वहिनींनी नेलपॉलिश समजून उघडली होती!

येते. नमस्कार.