पेल्यांची किणकिण

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल इव्हान्स, डबल बेसवाला स्कॉट लाफारो आणि ड्रमवरचा पॉल मोशन यांनी दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बैठकी रंगवल्या. ते ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐका. पियानोच्या दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत काचेच्या पेल्यांची किणकिण येते. मागे कुणी बोलतंय, कुणी हळूच हसतंय. पहिल्यांदा ऐकताना मला हे आवाज खटकले होते. आता ते पुसून टाकले तर मी हळहळेन.

हा क्लब १९३५ पासून त्याच तळघरात आहे. खोली त्रिकोणी, निमुळत्या टोकाला मंच, आणि जागा जेमतेम १२३ माणसांची. दोघांनी एका छोट्या टेबलाशी बसून जॅझ ऐकायचा तर अशाच ठिकाणी, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे १० मीटर कापायला त्याला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. भिंती जवळ असल्या की त्यांच्यावरून परतलेला पहिला आवाज इतक्या लवकर कानाशी येतो की मेंदू त्याला मूळ सुरातच सामावून घेतो आणि सूर भरीव वाटतो. मोठ्या सभागृहात हाच आवाज मागे रेंगाळतो आणि पुढच्या सुरावर चढतो. बेसची जाड तार बोटाने खेचल्याचा ठसका, ड्रमच्या कातड्यावर तारांचा ब्रश फिरल्याची खसखस, असलं बारीक काम तिथे विरून जातं.

जॅझचं तर सगळं बारीक कामातच आहे. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे भौतिकशास्त्रज्ञ थिओ गायझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजलेल्या वादकांचे साडेचारशेहून अधिक सोलो तपासले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला. मुख्य वादक मात्रेवर येणारा सूर साथीच्या किंचित मागे ठेवतो, दोन मात्रांच्या मधला सूर मात्र साथीबरोबरच सोडतो. मागे म्हणजे किती? सुमारे ३० मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. कानाला हा उशीर म्हणून कळत नाही. मान आपोआप डोलायला लागते, एवढंच. ‘स्विंग’ म्हणतात तो हा. ठेक्यावर रेलून गाणारा गवई ज्यांनी जवळून ऐकलाय, त्यांना ही गंमत वेगळी समजवावी लागणार नाही.

आता टेबलावरच्या पेल्यातली वाइन. घोट गिळला की तोंडातला वास घशाच्या मागच्या वाटेने वर नाकात चढतो. जिभेला आंबट, गोड, तुरट असं मोजकंच कळतं. बेरी, मिरी, ओलं लाकूड हे सगळं नाकाचं काम. कान यात कुठे आला? स्कॉटलंडच्या हेरियट-वॉट विद्यापीठात एड्रियन नॉर्थ यांनी २५० जणांना वाइन प्यायला दिली. काहींना ती शांततेत मिळाली, बाकीच्यांना चारपैकी एका प्रकारचं संगीत चालू असताना. भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना तीच वाइन भारदस्त लागली, मृदू संगीत ऐकणाऱ्यांना मृदू. उलट नुसत्या गोंगाटात पदार्थाचा गोडवा आणि खारटपणा फिका पडतो, असंही प्रयोगांत दिसलंय. म्हणून स्पीकर फाटेस्तोवर आवाज चढवून वर चांगली वाइन ओतणाऱ्या जागांचा मला राग येतो. तिथे सूरही जातो आणि चवही.

आणि शेजारचं माणूस? येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चॉकलेट खाताना दुसरं कुणी तेच चॉकलेट त्याच वेळी खात असेल, तर ते अधिक आवडतं. दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही, तरीही. कडू चॉकलेट मात्र अशा वेळी जास्तच नकोसं झालं. सोबतीने चव गोड होत नाही. जी आहे ती गडद होते.

त्या रविवारी लाफारो २५ वर्षांचा होता. ६ जुलैला मोटार अपघातात तो गेला. तळघरातल्या टेबलांशी बसलेल्यांना तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते पेला उचलत होते, शेजारच्याच्या कानाशी कुजबुजत होते, आणि लाफारोच्या बोटाखालच्या तारांबरोबर तेही सगळं फितीवर उतरत होतं.