गोधडीचा स्टॉल



यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या भिवंडीत विहारासमोर नेहमीसारखे स्टॉल लागले. कुठे पुस्तकं, कुठे बुद्धमूर्ती, कुठे भजी-पाव. आम्ही बायकांनी मात्र गोधडीचा स्टॉल लावला. दोन टेबलं जोडली, त्यावर अर्धी शिवलेली गोधडी पसरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर शिवत बसलो. "या, बघा, चार टाके घाला" असा फलक रंगवला.

पहिल्याच संध्याकाळी एक वयस्कर बाबा थांबले. सगळी उमर सायझिंगमध्ये गेलेला माणूस. रागानेच म्हणाले, "पोरींनो, बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं, आणि तुम्ही आजच्याच दिवशी चिंध्या मांडून बसलात?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. कारण बाबा खोटं बोलत नव्हते. गावकीत मढ्यावरचं कापड हा महाराचा 'हक्क' समजला जाई. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहूनच ठेवलं आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी थंडीत लेकरांना जे पांघरलं, त्यात असं कापडही असेल. आज आपल्या मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. पाहुणे आले की आईची गोधडी कॉटखाली जाते आणि दुकानातलं ब्लँकेट वर येतं. त्यांना आईची लाज वाटते असं नाही. त्या जुन्या दिवसांची आठवणच नको असते.

मग आम्ही स्टॉल आवरायचा का? त्या रात्री आम्ही यावर बराच वेळ बोललो.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशीही बोलले. अंगावरच्या वस्त्राला ठिगळं असली तर असू देत, पण ते स्वच्छ ठेवा, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही काय नेसावं आणि कोणत्या धातूचे दागिने घालावेत, हे दुसऱ्या कोणी ठरवायचं नाही, हेही सांगितलं. म्हणजे त्यांचा राग ठिगळावर नव्हता. ठिगळ आपल्यावर लादणाऱ्यावर होता.

आणि ठिगळाचंच म्हणाल, तर भन्तेजींच्या अंगावरचं चीवर नीट पाहिलंत का? तेही तुकडे जोडूनच केलेलं असतं. विनयपिटकात त्याची हकीकत आहे. भगवान बुद्धांनी मगध देशातली, बांधांनी चौकोन पडलेली भातशेतं आनंदांना दाखवली आणि भिक्षूंसाठी अशी चीवरं करता येतील का, असं विचारलं. आनंदांनी तुकडे कापून, शिवून, शेताच्या नक्षीचं चीवर तयार केलं. भगवंतांनी त्यांची तारीफ केली. उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या कापडाची चीवरंही भिक्षू वापरत. त्याला पांसुकूल म्हणतात. मनूने जे कापड शिक्षा म्हणून दिलं, ते भिक्षूंनी, त्यांत राजघराण्यातलेही होते, आपल्या मर्जीने अंगावर घेतलं. शिवायचेही तेच. कापड ताणून धरायला जी लाकडी चौकट असे, तिचं नाव 'कठिन'. वर्षावास संपल्यावर आपण जे कठिन चीवरदान करतो, त्यातला 'कठिन' शब्द तोच.

आणखी एक गोष्ट ऐका. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रं दान केली. राजाला शंका आली, की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचं करतो काय? दुकान घालणार आहे की काय? आनंदांनी शांतपणे सांगितलं, की ज्यांची चीवरं झिजली आहेत त्यांना वाटीन. मग झिजलेल्या चीवरांचं काय? त्यांची अंथरुणावर घालायची वस्त्रं करू. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरूण, मग पायपुसणं, मग झटकणी. शेवटी चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

बायांनो, हा हिशेब आपल्या आईचाच नाही का? लुगड्याची गोधडी, गोधडीचं दुपटं, दुपट्याचं पोतेरं.

आपण राहतो ते तर कापडाचं गाव. घरातलं कोणी लूमवर, कोणी कांडी भरायला, कोणी गोदामात. कापडाशी धम्माचं नातं या महाराष्ट्रातही जुनं आहे. भिवंडीवरून जाणारा आग्रा रोड नाशिकला पोहोचतो. तिथल्या त्रिरश्मी लेणीत, १० नंबरच्या लेण्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचं व्याज २४० झालं. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. विणकरांच्या कामावर एवढा भरवसा होता, की ठेव त्यांच्याकडे ठेवली जाई.

आज आपल्या हाताच्या कामाला काय किंमत मिळते? आमच्या स्टॉलवर एक गिऱ्हाईक म्हणालं, "जुन्या साड्यांचे एवढे पैसे?" आम्ही वही पुढे केली. किती दिवस, रोज किती तास, दोऱ्याला किती खर्च, सगळं त्यात मांडलेलं होतं. साडी जुनी आहे, मेहनत जुनी नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात, गुलामांच्या वंशातल्या काळ्या स्त्रियाही कामाच्या जुन्या कपड्यांतून अशाच गोधड्या शिवत आल्या. नागरी हक्कांच्या लढ्यात, १९६६ साली त्यांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली आणि आपल्या कामाचे पैसे मिळवले. पुढे त्या भागातल्या जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

ज्यांना असा स्टॉल लावायचा असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साड्या सुतीच घ्या. सिंथेटिक सुईखाली सरकते आणि घामही शोषत नाही. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मऊ झालेलं कापड आत घाला, दमदार कापड वर-खाली ठेवा. चार-पाच थर नीट पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवा. आधी मोठे कच्चे टाके घालून थर पकडा, मग कडेने धावदोरा सुरू करून आत आत या. लोकांना सगळं कळावं म्हणून थर लावलेली, अर्धी शिवलेली आणि पुरी झालेली, अशा तीन गोधड्या मांडा. प्रत्येकीवर शिवणाऱ्या बाईचं नाव आणि किंमत लिहा. नाव विसरू नका.

दुसऱ्या दिवशी ते बाबा नातीला घेऊन पुन्हा आले. आम्ही आदल्या रात्री जे बोललो ते त्यांना सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत. नात चार टाके घालायला बसली, तेव्हा बाबांनी आमच्या गठ्ठ्यातल्या साड्या चिमटीत धरून एकेक तपासायला सुरुवात केली. एक बाजूला टाकत म्हणाले, "ही घेऊ नका, हिचं सूत संपलंय. दोन धुण्यांत फाटेल." मग खुर्ची ओढून बसले आणि स्टॉल बंद होईपर्यंत आम्हाला कापड निवडून देत राहिले.

भगिनींनो, कॉटखालची गोधडी काढा. धुवा, उन्हात घाला. आई असेल तर तिच्याजवळ बसून टाका शिका आणि मुलालाही शिकवा. पाहुणे आले की तीच अंथरा. कोणी शिवली असं विचारलं, तर आईचं नाव सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!