फड उतरल्यावरची शाळा

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर, विठाबाईंच्या नारायणगावात, तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. मला मात्र आज राहुटीतल्या फडमालकाविषयी किंवा फलकावर नाव असलेल्या कलावंतांविषयी बोलायचे नाही. राहुटीमागे वायरींची भेंडोळी सोडवत बसलेल्या पोराविषयी बोलायचे आहे.

मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. त्यांतली निम्मी तरी प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत. तंबू उभारणारे, ट्रक चालवणारे, जनरेटर सांभाळणारे, दिवे आणि ध्वनिक्षेपक जोडणारे, कपडेपट शिवणारे. हे सारे काम ती माणसे शिकली कुठे? कुठेच नाही. बघून बघून, चटके खाऊन शिकली.

मी तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री हा विषय शिकवला. एके वर्षी ऑगस्टमध्ये फडावरचा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मला वायरिंग नीट शिकायचंय. दसऱ्यापर्यंत रोज येईन, मग वैशाखात परत येईन." मी म्हणालो, "अरे, ही शाळा आहे, धर्मशाळा नव्हे." तो हसला आणि निघून गेला. नियमाप्रमाणे माझे चुकले नव्हते. आमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्रवेशाला दहावी उत्तीर्ण हवे, हजेरीची अट वेगळी. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखात उतरतो. म्हणजे आमचे वर्ग रंगात यायचे तेव्हाच त्याचा ट्रक सुटायचा.

काही वर्षांनी एका यात्रेत तो पुन्हा भेटला. दुपारी जिथे नुसते ढेकळांचे शेत होते, तिथे संध्याकाळी दिव्यांचा लखलखाट होता. जनरेटरचा भार त्याने तिन्ही फेजवर असा वाटला होता की माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमले नसते. मग मी अर्थिंग पाहिले. तंबूची एक लोखंडी मेख कोरड्या मातीत ठोकून तिलाच तार गुंडाळली होती. विचारले तर म्हणाला, "सर, सगळे असंच करतात." त्या तंबूत लोखंडी खांब होते, दवाने ओली झालेली कनात होती आणि पुढे हजारो माणसे बसणार होती.

त्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या मुलाला दोन वर्षांच्या शिक्षणाची गरजच नव्हती. त्याला येत होते ते पुष्कळ होते. जे येत नव्हते, ते आठ दिवसांत शिकवता आले असते. अर्थिंग कसे करावे, गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी नावाचे उपकरण कुठे बसवावे, विजेचा धक्का बसलेल्या माणसाला कसे सोडवावे, एवढेच. आम्ही मात्र त्याला एक तर सगळे शिक, नाही तर काहीच शिकू नकोस, असे सांगत होतो.

खरे तर आता वाटा अगदीच बंद नाहीत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाने शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. २०२३ सालच्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी रोज ५०० रुपये विद्यावेतन ठरले आहे. शिकायला बसलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, हे सरकारने त्यात मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, सुतार आहे. फडावरचा वायरमन नाही, ढोलकीवालाही नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. शिकवण्याची वेळ फडाच्या पंचांगाप्रमाणे ठरवावी, म्हणजे आषाढ-श्रावणात. शिकवण्याची जागा जिल्ह्याच्या गावी नको, नारायणगावसारख्या ठिकाणी हवी. आणि अभ्यासक्रमाचे तुकडे करावेत. यंदा अर्थिंग, पुढच्या पावसाळ्यात एलईडी दिव्यांचे डिजिटल नियंत्रण, त्यापुढे ध्वनी. तुकड्यातुकड्याने शिकलेल्याची नोंद एकाच पुस्तिकेत व्हावी.

कुणी म्हणेल, कागद हाती आला की ही माणसे तमाशा सोडून जातील. काही जातीलही. पण पावसाळ्याचे चार महिने हाताला काम नसते म्हणूनच फडावरचा माणूस मालकाकडून उचल घेतो आणि पुढचा हंगाम त्या उचलीत अडकतो. त्याला पावसाळ्यात घरांच्या वायरिंगची कामे मिळाली, तर दसऱ्याला तो मान खाली न घालता फडावर परतेल. २०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी आली ती ऐन यात्रांच्या हंगामात. तेव्हा अनेकांनी शेतमजुरीची वाट धरली, कारण दुसरे काम येते हे सिद्ध करणारा कागद कुणाच्याच खिशात नव्हता.

गेल्या आषाढात मी त्या मुलाला, आता त्याचे केसही पिकू लागले आहेत, निरोप धाडला. तो आणखी पाच जणांना घेऊन आला. देवळाच्या ओवरीत आम्ही आठ दिवस बसलो. खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून, नळी पुरून अर्थिंग केले आणि मोजूनही पाहिले. शेवटच्या दिवशी त्याने विचारले, "सर, याचा कागद मिळेल का?"

मी निवृत्त माणूस. ज्ञान देणे माझ्या हाती होते, कागद देणे नव्हते. ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यापर्यंत त्याचा प्रश्न पोहोचावा, म्हणून आज बोललो.