आवणी, विरळणी आणि रात्रीची चाल

लेखमाला : वाटेवरचे धडे
लेखांक सातवा

नाशिकच्या पश्चिमेला गिरणारे गावात द्राक्ष-टोमॅटोच्या हंगामात भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, त्र्यंबकेश्वर या भागांतून आलेली माणसं टोळीटोळीने उभी असतात. हातात भाकरीचं गाठोडं, सोबत पाण्याची बाटली, एखादीच्या कडेवर पोर. बागायतदाराची पिकअप येऊन थांबते. नवख्या माणसाला वाटतं, आता सगळे धावत जाऊन चढतील. तसं होत नाही. आधी बोलणं होतं. काम कसलं, रोजाने की उक्तं, उक्तं असेल तर एकरी किती, सुट्टी कधी, संध्याकाळी परत कोण आणून सोडणार? टोळीतली एखादी जाणती बाई हे विचारून घेते, मागे वळून बाकीच्यांचा अंदाज घेते आणि मग टोळी गाडीत बसते. कधी कधी बसतही नाही.

एकदा गाडी हलली की भाव करता येत नाही. नोकरीचा करार न वाचता सही करणारी शिकलीसवरलेली माणसं शहरात कमी नाहीत. त्यांनी एक सकाळ या बाजारात उभं राहून बघावी.

ही माणसं येतात कुठून? नाशिकहून सुमारे 55 किलोमीटरवर पेठ. वाटेत सावळघाट, करंजाळी, कोटंबीचा घाट, आणि पेठ ओलांडून तोच रस्ता पुढे गुजरातेत कपराड्याकडे जातो. कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची वस्ती असलेला हा तालुका. पावसाळ्यात इथे ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंड्यासाठी दूरवर चालतात. डोंगर उताराचा, माती पातळ, खाली काळा कातळ. पडलेलं पाणी दमणगंगा आणि पार या नद्यांतून अरबी समुद्राकडे निघून जातं. अशा जमिनीवर शेती करायची म्हणजे वेळ चुकवून चालत नाही, आणि पेठकडून शिकावं असं काही असेल तर ते हेच, वेळ ओळखणं.

राबाचं उदाहरण घ्या. नागली आणि भाताची रोपं ज्या तुकड्यावर वाढवायची, तो पावसाआधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या डहाळ्या आणि पालापाचोळा, वर वाळलेलं गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. आग भडकता कामा नये, धुमसत राहिली पाहिजे. मातीचा थर त्यासाठीच. त्या उष्णतेने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून रोपांना पोषण मिळतं. राब फार लवकर भाजला तर वारा राख उडवून नेतो, उशीर केला तर वळवाचा पाऊस सगळं भिजवून टाकतो. आभाळाकडे बघत हा मधला काळ पकडायचा असतो. राबासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, हेही खरंच. म्हणून गादीवाफा, गिरिपुष्पाचा पाला असे पर्याय कृषी खातं सुचवत आलं आहे. ते रास्त आहे. पण राब म्हणजे अडाणीपणा, असं म्हणणाऱ्याने आधी तो भाजताना पाहावा.

मग आवणी, म्हणजे राबातली रोपं उपटून शेतात लावणं. भाताला चिखलाचं खाचर हवं, नागलीला पायाशी साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून नागली उतारावरच्या वरकस जमिनीत. त्या जमिनीलाही पाळी ठरलेली. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद, आणि नंतर काही वर्षं पडीक. कस उतरत जाईल तसं कमी मागणारं पीक घ्यायचं आणि शेवटी जमिनीला सुट्टी द्यायची. वाटण्या होऊन तुकडे लहान झाले, तशी ही सुट्टी आखडत गेली.

दिवाळीच्या सुमारास डोंगरातली कामं उरकत येतात. खाली दिंडोरी-निफाडच्या बागांत तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतरची धावपळ सुरू झालेली असते. पेस्ट लावणं, फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी. त्यातली विरळणी जवळून बघण्यासारखी. मणी ज्वारीएवढे झाले, की बाई डाव्या हाताने घड नुसता सावरून धरते आणि उजव्या हातातल्या निमुळत्या कात्रीने आतल्या बाजूचे, किरटे, एकमेकांना चिकटलेले मणी काढत जाते. टोक शेजारच्या मण्याला लागलं, तर तिथे डाग पडतो. कमी काढले, तर दाटीवाटीत मणी फुगत नाहीत, चिरडतात, आत कुजतात. जास्त काढले, तर वजन जातं. निर्यातीला 16 मिलिमीटरच्या पुढचा मणी लागतो आणि तो किती फुगणार, हे पुष्कळसं या कात्रीवर ठरतं. हे काम चार दिवस लांबलं तर मणी मोठे होऊन घड गच्च होतो आणि कात्री आत शिरतच नाही. म्हणून त्या दिवसांत बागायतदार टोळीची वाट बघत असतो. आवणीत रोपाचं अंतर नजरेने राखणारे हेच ते हात. सरकारी वर्गवारीत मात्र शेतमजुरी बहुतेक अकुशल कामातच मोडते, आणि हा अन्याय आहे.

आईबाप खाली बागेत, मुलं आश्रमशाळेत किंवा म्हाताऱ्यांजवळ, ही पेठच्या अनेक घरांतली थंडी. शाळेची किंमत या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. मार्च 2018 मध्ये ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

त्या वर्षी 6 मार्चला किसान सभा या शेतकरी संघटनेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे पायी निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते. वनहक्क कायदा 2006 चा, पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन अजून नावावर झालेली नव्हती, किंवा झाली ती कसत असलेल्या क्षेत्राहून कमी. सुमारे 180 किलोमीटर चालून मोर्चा 11 तारखेला मुंबईत सायनच्या सोमय्या मैदानावर पोचला. सकाळी निघून आझाद मैदानावर जायचं ठरलं होतं. पण 12 तारखेला दहावीचा पेपर होता. हजारो माणसं सकाळी रस्त्यावर आली असती, तर वाहतूक अडून मुलं केंद्रावर पोचली नसती. नेत्यांनी विचारलं, लोक तयार झाले आणि दिवसभर चाललेली माणसं रात्रीच पुन्हा उठून चालू लागली. पायांना फोड आलेले, काहींच्या चपला केव्हाच तुटलेल्या. उजाडायच्या आत मोर्चा आझाद मैदानात होता. सकाळी मुंबईकरांनी त्यांच्यासाठी पाणी, बिस्किटं, चपला आणल्या.

त्याच संध्याकाळी सरकारने लेखी आश्वासन दिलं. गाडीत बसण्याआधी सगळं ठरवून घेणाऱ्या माणसांनी इथेही कागद हातात पडल्यावरच मैदान सोडलं. कागदावरचं जमिनीवर उतरायला मात्र फार वेळ लागतो आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा ठाणे जिल्ह्यात वासिंदला थांबला, चर्चा झाली, आणि मागण्यांच्या यादीत वनजमिनीचे दावे याही वेळी होते.