महामारी आणि एच.आय.व्ही.बाधितांची औषधे : आपण काय शिकावे?

तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि बिछान्यावर निजवले. मग त्यांनी भिक्खुसंघाला विचारले की, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? २०२० सालच्या कोरोना महामारीत हाच प्रश्न एच.आय.व्ही.बाधित बंधुभगिनींच्या वाट्याला आला. त्याची माहिती सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम उपचार समजून घेऊ. एच.आय.व्ही. हा विषाणू रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सी.डी.-४ पेशी नष्ट करतो. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने त्यावरील औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून तर निदान होताच प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण आहे. आज बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. या गोळीने विषाणू समूळ नाहीसा होत नाही, तो दबून राहतो. गोळी थांबली की काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढू लागतो. गोळी कधी घेतली, कधी चुकवली, तर औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. शिवाय प्रतिकारशक्ती घटली की क्षयरोगासारखे आजार गाठतात. म्हणून हे औषध जन्मभर आणि न चुकता घ्यावयाचे असते.

आता २५ मार्च २०२० ची टाळेबंदी आठवा. एस.टी. थांबली, कोकण रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या. आपला जिल्हा नऊ तालुक्यांचा. मंडणगड-दापोलीकडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी हजारोंनी गावी परतले. ज्यांचे औषध मुंबईच्या केंद्रातून चालू होते, त्यांची केंद्रे मागे राहिली. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांना झोडपले. वीज गेली, फोन बंद पडले.

शासन स्वस्थ बसले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांची औषधे द्यावीत, अडकून पडलेल्यांना जवळच्या केंद्रातून द्यावीत, शक्य तेथे कार्यकर्त्यांमार्फत घरपोच करावीत, अशा सूचना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने दिल्या होत्या. मग अडले कोठे? अडले ते लोकलज्जेपाशी. प्रवासाचा पास हवा तर कारण सांगावे लागे. गावच्या शाळेत चौदा दिवस विलगीकरणात राहावयाचे तर दहा जणांदेखत गोळी काढावी लागे. एरवी ज्या गुप्ततेने माणसाचे रक्षण होते, तीच गुप्तता संकटात त्याच्या औषधाच्या आड आली. औषध केंद्रात होते, पण ते मागण्यासाठी तोंड उघडावे अशी जागा गावात नव्हती.

इतर सेवांनाही फटका बसला. कर्मचारी कोरोनाच्या कामाला जुंपले गेले. रक्तातील विषाणू मोजणारी यंत्रे कित्येक ठिकाणी कोरोना चाचण्यांसाठी वापरली गेली. एच.आय.व्ही. चाचण्यांची संख्या घटली. चाचणी झाली नाही म्हणजे निदान नाही आणि निदान नाही म्हणजे उपचारही नाही. ही स्थिती जगभर होती. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ७३ देशांत या औषधांचा तुटवडा पडण्याचा धोका असल्याचे जाहीर केले होते.

महामारी ओसरली म्हणून विषय संपला असे कोणी समजू नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराखाली गेले. त्याच वर्षीच्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कोकणात रस्ता बंद होण्यास महामारीच लागते असे नाही.

तेव्हा आपण काय करावे? उपचार घेणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच केंद्रातील समुपदेशकांशी बोलून जादा औषधांची सोय करून घ्यावी आणि उपचाराचे पुस्तक नेहमी जवळ ठेवावे. परगावी अडकल्यास गोळी थांबवू नये, जवळच्या केंद्रात जावे. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधिताच्या संमतीवाचून त्याचे नाव उघड करणे आणि नोकरी, शाळा वा घर देताना भेदभाव करणे या कायद्याने निषिद्ध आहे, हे विद्यार्थ्यांनी चारचौघांत सांगावे.

आणि संस्थांनी? आपल्या गावशाखा आणि मुंबई शाखा यांचे जाळे जुने आहे. लग्नकार्य, जयंती, वर्षावास यांसाठी ते राबते, तसे ते औषधांसाठीही राबावे. संकटकाळी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, क्षय, एच.आय.व्ही. अशा सर्वांची औषधे आणण्यास एकच गाडी ठेवावी. बंद पाकिटावर फक्त नाव असावे, आजार कोणीही विचारू नये. सर्वांची पाकिटे एकाच पिशवीत आली म्हणजे कोणाकडेही बोट दाखविता येणार नाही. यास मोठा निधी लागत नाही. विश्वासू असे दोन कार्यकर्ते आणि मिटलेले तोंड एवढे पुरते.

अस्पृश्यतेचे चटके आपल्या आजा-पणज्यांनी सोसले. त्यांच्या वारसांनी आजारावरून कोणाला दूर लोटावे, हे आपणांस शोभणारे नाही. त्या भिक्खूच्या बिछान्याजवळ तथागत स्वतः गेले होते. आपणही तेथवर जावे, एवढीच विनंती.

जयभीम!